अर्थ मिळंना

गाडी बंद पडायची ती कावळा नाक्याच्या सिग्नलला.
नेहमी नाही. शनिवारी पडली तर मंगळवारी नाही,
आणि मेकॅनिकपुढं तर कधीच नाही.
तिथं ती तपासणीच्या दिवशीच्या वर्गासारखी
हाताची घडी, तोंडावर बोट.

वीस वर्षांची सँट्रो. डॅशबोर्डवर पिवळं इंजिन पेटायचं,
विझायचं, पुन्हा पेटायचं,
जसं सभेत कुणी बोलायला उठतंय
आणि अध्यक्षांनी बघितलं की खाली बसतंय.

पहिल्यानं स्कॅनर लावला. टेंपरेचर सेन्सर. बदलला.
महिन्यानं थ्रॉटलचा. तोही.
मग क्रँकचा. गावात मिळेना,
पुण्याहून एसटीच्या पार्सलनं आला, अठराशेला.
बसवला, आणि त्याच संध्याकाळी शिरोलीच्या पुलावर
खाली पंचगंगा, मागं उसाच्या दोन ट्रॉल्या,
मी बॉनेट उघडून उभा,
काय बघायचं ते ठाऊक नसलेल्या माणसाच्या
पूर्ण गांभीर्यानं.

उद्यमनगरात, फौंड्रीच्या मागच्या बोळात,
दस्तगीर शिकलगार बसतो. बोर्ड नाही.
त्यानं स्कॅनर काढलाच नाही. चहा सांगितला.
"इंजिन चालू राहू दे. हेडलाईट लावा. आता इंडिकेटर."
लावला.
टेंपरेचरचा काटा इंडिकेटरच्या ठेक्यावर
मान डोलवायला लागला.
"बघितलासा? एका टिकेला तापतंय
आणि दुसऱ्या टिकेला गार हुतंय, असलं इंजिन असतंय व्हय?
हिला अर्थच मिळंना."

अर्थ.
शब्द माझ्या ओळखीचा, पण असा कधी भेटला नव्हता.
म्हणजे, दस्तगीर म्हणाला, करंट जातोय समदीकडं,
माघारी यायची वाट न्हाई.

मीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनसला,
लाल इंजिनच्या अंगाला.
"हितं शून्य पायजे. लई तर पॉइंट एक."
मीटरवर एक पॉइंट तीन.
मग तो बॅटरीखाली कोपरापर्यंत हात घालून
डोळे मिटून चाचपत राहिला,
आणि तांब्याची विणलेली एक पट्टी वर काढली,
टोकाला हिरवट.
बोल्टखाली बॉडीचा पत्रा. पत्र्यावर रंग.
माझाच, राखाडी, गुळगुळीत.

दोन वर्षांपूर्वी उचगावात मारून घेतला होता.
मीच स्टूल टाकून बसलो होतो रंगाऱ्याशेजारी.
आतनं पण मार, म्हटलं होतं,
नखाएवढी जागा उघडी दिसायला नको.

पॉलिश पेपरनं त्यानं रुपयाएवढा पत्रा उघडा केला,
व्हॅसलीनचं बोट फिरवलं, बोल्ट आवळला.
काटा गप्प.
दोनशे रुपये, चहा धरून.

डिकीत बेकरीच्या पिशवीत जुने सेन्सर होते,
का ठेवले होते कुणास ठाऊक.
टेंपरेचरवाला त्यानं उरलेल्या चहात बुडवला,
मीटर लावला, आकडा उतरत गेला, जसा उतरायला हवा तसा.
"बरा हाय की. ऊन-गार कळतंय ह्याला."
बाकीचे दोघंही बरे निघाले.

मी सहकारी संस्थांचा ऑडिटर होतो, तीस वर्षं.
आरंभीची शिल्लकच चुकीची घेतली
तर पुढची प्रत्येक नोंद खरी असूनही
ताळेबंद जुळत नाही, हे मी किती सचिवांना
पेन्सिलीनं डोकं खाजवत सांगितलं असेल.
आणि इथं मी नोंदीच बदलत बसलो,
एकेक, पावती घेऊन.

आज अकरावा दिवस. बंद पडलेली नाही.
कावळा नाक्यावर लाल लागला
की मी तरीही हेडलाईट लावतो, भर उन्हात,
वळायचं नसताना इंडिकेटर देतो
आणि काट्याकडं बघतो.
काटा हलत नाही.
हिरवा पडतो. मागचा रिक्षावाला म्हणतो,
ओ काका, ठरवा की कुठं जायचं ते.